उंदराची गोधडी

त्या घरात ‘जरा’ हा शब्द फार स्वस्त होता. जरा ये गं. जरा बघ गं. जरा हे धर गं. म्हणणाऱ्याला वाटायचं, जरा म्हणजे चिमूटभर. पण थोरलीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की एका ‘जरा’त सव्वा तास सहज बसतो, आणि नीट चेपून भरला तर अख्खी दुपार मावते. तिला कुणी विचारलं नाही, हा भाग वेगळा.

थोरली म्हणजे दूधवाल्याची बायको. लग्न होऊन आली तेव्हा दीर अजून शाळेत जात होता, धाकटी जाऊ यायला बारा वर्षं बाकी होती. तरी सासूबाईंनी पहिल्याच दिवशी शेजारणींना सांगून टाकलं, “ही आमची थोरली.” घरात सून एकच आणि तीही थोरली; गल्लीने त्यावर आठवडाभर दात काढले. पण नाव चिकटलं ते चिकटलं. आज ती बावन्न वर्षांची आहे आणि तिचं खरं नाव फक्त दवाखान्याच्या कागदावर उरलंय. तिथे कुणी त्या नावाने हाक मारली की ती आधी मागे वळून बघते.

शिवायला ती बसायची मधल्या खोलीत. या खोलीची रचना ज्याने केली त्याला घराची चांगली माहिती असावी. एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला सासूबाईंची खोली, मागच्या दाराने पाच गाईंचा गोठा. तिन्हीकडून हाक थेट आत येते. चौथ्या अंगाला भिंत.

याच खोलीत पलंगाखाली पत्र्याची पेटी होती आणि पेटीत सात गोधड्या. साती अर्धवट.

आता गोधडी शिवायची ती कडेकडून. चारी बाजूंनी एक फेरी मारायची, मग तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, असं चौकोनात चौकोन करत मध्यावर यायचं. थोरलीला हे तिच्या आत्याने शिकवलं होतं आणि शिकवताना एकच नियम सांगितला होता: ओळ अर्ध्यावर टाकून उठायचं नाही. कोपरा गाठायचा, मग उठायचं. आत्याचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे तिला असले नियम परवडायचे. थोरली जिथे हाक येईल तिथे सुई कापडात खोचून उठायची, आणि परत येईपर्यंत संध्याकाळ झालेली असायची. मग परत येईपर्यंत महिना. मग वर्ष. तिच्या हातच्या प्रत्येक गोधडीत एकेक सुई अजून तशीच खोचलेली होती, गंजून कापडाला तपकिरी डाग पाडत.

तिने त्यांना नावंही ठेवली होती, ज्या कारणाने हातातून सुटल्या त्यांची. एक वासराची, ते आडवं आलं होतं आणि ओढायला दोन माणसं कमी पडत होती. एक सासऱ्यांच्या पायाची. एक धाकटीच्या बाळंतपणाची, ज्यात बाळंतीण दहाव्या दिवशी हिंडायला लागली आणि थोरली चाळिसाव्या दिवशी आडवी पडली. एक निव्वळ पक्कडीची. नवऱ्याने विचारलं होतं, “जरा बघ गं, पक्कड कुठे गेली,” आणि ती शोधता शोधता आधी माळा, मग कोठार आणि शेवटी सगळी कपाटं आवरून झाली. पक्कड त्याच्या खिशात होती.

पेटीच्या अगदी तळाशी होती ती सातवी मात्र तिची नव्हती. पेटी सासूबाईंची, ती पेटीबरोबरच आली होती. तिच्या मधोमध थाळीएवढं भोक होतं. तिला थोरली उंदराची म्हणायची आणि दर वर्षी तिच्याबरोबर दोन डांबरगोळ्या टाकायची.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिनेच केला. नवऱ्याला स्वस्तात काही मिळालं की त्याच्या अंगात यायचं. दोन वर्षांपूर्वी एक कापडवाला दुकान बंद करत होता. हा गेला दूध घालायला आणि आला निळ्या कापडाचा अख्खा तागा खांद्यावर टाकून. निळ्यावर पांढरे ठिपके. मग काय, मधल्या खोलीला निळे ठिपक्यांचे पडदे लागले, उशांना तेच अभ्रे, सासूबाईंना तोच गाऊन, थोरलीला तसे दोन, आणि उरलं ते गोधडीच्या ठिगळांना. धाकटीने तेवढं ते कापड अंगाला लावून घेतलं नाही. ती टपाल कचेरीत कामाला होती आणि तिची जीभही शिक्क्यासारखीच ठणकन पडायची. म्हणायची, “आपल्या घरात पडदा कुठला आणि ताई कुठल्या, हे हलल्याशिवाय कळत नाही.”

सगळे हसले होते. थोरलीही हसली होती, पडद्याशेजारी उभी राहून.

तर एका सोमवारी सकाळी थोरली मोठ्या रस्त्यावरच्या शिंपिणीकडे दोऱ्याचं रीळ आणायला गेली. शिंपीण म्हणजे पक्की बाई. दोन नवरे पाहिलेली, तिसऱ्याला नकार दिलेली, तोंडात टाचण्या धरून स्पष्ट बोलणारी. दुकानात दोन शिलाई यंत्रं आणि खिडकीशी एक लांब टेबल, ज्यावर सध्या फक्त उन्हाचा चौकोन पडलेला होता.

“गोधड्यांना फार मागणी आहे,” शिंपीण म्हणाली. “मला यंत्रावरच्या नकोत, हाताच्या टाक्याच्या हव्यात. हे टेबल रिकामं आहे. दहा ते चार. येतेस?”

थोरलीने मागे वळून बघितलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

“मी?”

“नाही, तो पुतळा,” शिंपीण कपडे चढवायच्या बिनडोक्याच्या धडाकडे बोट दाखवत म्हणाली. “पण माझी एक अट आहे. गावभर बोलतात की तुझी एकही गोधडी पुरी होत नाही. मला अर्ध्यामुर्ध्या कामाचं माणूस नको. एक पुरी करून आण, शनिवारपर्यंत. नाहीतर त्या पलीकडच्या गल्लीतल्या गवंड्याच्या सुनेला ठेवते. तिचा टाका जाड आहे, पण गोधडीला शेवट असतो.”

थोरली घरी आली ती रीळ विसरून. रस्ताभर तिच्या डोळ्यांपुढे तो उन्हाचा चौकोन होता. दहा ते चार. ज्या टेबलाला तीन दारं नाहीत असं एक टेबल.

घरात सांगितलं तेव्हा कुणी नाही म्हणालं नाही. नाही म्हणतील तर घर कसलं ते. नवरा म्हणाला, “जा की. फक्त दुपारचं दूध मोजायला तेवढी येऊन जात जा.” सासूबाई म्हणाल्या, “जायचंय तर जा बाई. मला दुपारी तहान लागते खरी, पण लागू दे.” धाकटी कचेरीला निघताना चपला घालत म्हणाली, “ताई, खरंच जा हो. तुम्हाला घराबाहेर पडलेलं बघायचंय मला एकदा. डबा मात्र सकाळचाच देत जा.”

तीन होकार, आणि एकाचीही कडी निघेना.

तिने पेटीतून वासराची काढली, कारण ती सगळ्यांत पुढे गेलेली होती. मधला दीड हाताचा चौकोन तेवढा बाकी होता. गंजलेली सुई पक्कडीने ओढून काढावी लागली. पाच दुपारी हातात होत्या. एवढा चौकोन तिच्या आत्याने दोन दुपारींत उडवला असता.

सोमवारची दुपार गाईने खाल्ली. दावं तोडून ती शेजाऱ्याच्या कोबीत शिरली. मंगळवारी सासूबाईंना पाणी दिलं, मग ते कोमट लागलं म्हणून दुसरं दिलं, मग पाण्यावरून आठवलं म्हणून त्यांच्या गोळ्या शोधल्या. बुधवारी चार टाके झाले. खरंच चार, तिने मोजले. गुरुवारी नवरा दारात उभा राहून म्हणाला, “जरा ये गं, काही नाही, नुसतं जरा धर.” जे धरायचं होतं ते गोठ्याचं छप्पर होतं. ती दोन तास शिडीखाली हात वर करून उभी राहिली. वर नवरा खिळे ठोकत होता आणि तिला तिथून मधल्या खोलीची खिडकी दिसत होती. आत निळा ठिपक्यांचा पडदा वाऱ्याने हलत होता. तिला वाटलं, कुणीतरी आत बसलंय आणि आपली वाट बघतंय. मग वाटलं, नाही, ती मीच असेन. मला उठायला वेळ लागतोय.

शुक्रवारी ती जेवण उरकून एक वाजता बसली ती खाली मानच घालून. आतल्या फेऱ्या शिवताना गोधडीवरच बसावं लागतं, बाहेरून हात पोचत नाही. तशी ती मधोमध बसली, गाऊनचा घेर भोवती पसरलेला, समोर निळी ठिगळं मांडलेली. एक ठिगळ जरा मोठं वाटलं. तिने त्याची कड आत दुमडली, अंगठ्याने दाबली आणि शिवत गेली. टाका छान पडत होता. हातभर ओळ झाली, कोपरा आला, तिने वळण घेतलं, आणखी वीतभर गेली. इतकी सलग ओळ तिने कित्येक वर्षांत शिवली नव्हती. कुणी हाकच मारली नव्हती. तिला तर घरात काही बरंवाईट झालं की काय, अशीच शंका आली.

तेवढ्यात मागच्या दाराने आवाज आला. “अगं, जरा ये. पक्कड कुठेय?”

सवयीने ती उठली, आणि तिच्याबरोबर गोधडीही उठली.

तिने खाली बघितलं. ज्या ठिगळाची कड तिने एवढ्या प्रेमाने दुमडून शिवली होती, ते ठिगळ नव्हतं, तिच्याच गाऊनचा घेर होता. तोच निळा, तेच ठिपके. आत दोन चादरींचे थर, खाली अस्तर, वर ती. सगळं एकत्र, बारीक टाक्याने, पक्कं.

थोरली परत खाली बसली. उसवायचं म्हटलं तर हातभर आणि वीतभर, म्हणजे तास गेला. तास गेला की चहा, चहा गेला की दूध, दूध गेलं की दिवस गेला. आणि उद्या सकाळी दहाला टेबलाशी गवंड्याची सून.

“अगं, येतेस ना?”

“मला येता येत नाही,” ती म्हणाली.

गोठ्यात बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. हे वाक्य त्या घराने आजवर ऐकलेलं नव्हतं.

नवरा दारात आला. “म्हणजे? पाय मुरगळला का?”

“शिवली गेलेय मी.”

त्याने वाकून बघितलं, आणि माणूस मुळात वाईट नाही म्हणून हसला नाही. लगेच मदतीला धावला. “थांब, सोडवतो तुला,” म्हणत स्वयंपाकघरातून पोतं कापायची मोठी कातर घेऊन आला. गुडघे टेकून त्याने गोधडीची कड उचलली आणि कातरीचं तोंड उघडलं.

“कातर ठेव खाली.”

हे थोरली बोलली नव्हती. सासूबाई आपल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्याही निळ्या ठिपक्यांच्या गाऊनमध्ये, त्यामुळे क्षणभर पडद्यालाच वाचा फुटल्यासारखं झालं.

“आई, ती अडकलीय.”

“दिसतंय मला. तू तुझ्या बापावर गेलायस तेही दिसतंय.” त्या पलंगाच्या कडेला टेकल्या आणि थोरलीकडे वळल्या. “पेटीच्या तळाची आहे ना ती? भोकाची?”

“उंदराची?”

“तो उंदीर तुझा सासरा होता.”

सासूबाईंनी पदराचं टोक नसताना सवयीने गाऊनच्या बाहीनेच तोंड पुसलं. “अशीच मधोमध बसले होते. लुगडं शिवलं गेलं. तिकडे चुलीवर दूध उतू चाललेलं. त्यांनी हाक मारली, मला उठता येईना, तर धावत आले आणि कातर चालवली. लुगडं नवं होतं, गोधडी जुन्याची. माणूस हिशेबी, बरोबरच कापलं त्यांनी. मी दूध उतरवलं. आणि परत काही मी ती उघडली नाही.”

“मला कधी बोलला नाहीत,” थोरली म्हणाली.

“उंदीर म्हणालीस तू. बरं वाटलं मला ते,” सासूबाई म्हणाल्या. मग मुलाकडे बघून, “पक्कड खिशात बघ.”

पक्कड खिशात होती.

मग त्या दुपारी या घरात अशा काही घटना घडल्या की गल्ली अजून त्या चघळते. सासूबाईंना तहान लागली. त्यांनी दोनदा थोरलीकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि उठून, कुठेही न धरता, सरळ माठापर्यंत चालत गेल्या. अकरा वर्षं त्या पाण्यासाठी हाक मारत होत्या आणि पाय असे, की कुणाला चिडवून पळून जावं. गोठ्यात नवऱ्याने दूध स्वतः मोजलं आणि दोनदा चुकला. साडेपाचला धाकटी आली, दारातच तिने सगळा प्रकार ऐकला. चहा करायला आत गेली ती लगेच बाहेर आली.

“ताई, साखर कुठे असते?”

“जिथे गेली अठरा वर्षं आहे तिथे,” थोरली म्हणाली. वर न बघता.

ती शिवत होती. सुखात होती म्हणावं तर तसंही नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या, लघवीला लागली होती, आणि हलायचं तर सबंध गोधडी ओढत हलावं लागत होतं. तिला एक विचार येऊन गेला आणि तो काही गोड नव्हता: घराने तिला सोडलं ते ती बसलीय म्हणून नाही, तिला बांधून पडलेलं बघितलं म्हणून. गाय दावणीला असली की तिला कुणी बाजारात चल म्हणत नाही. पण विचार करायलाही ओळ मोडावी लागते, म्हणून तिने तो सोडून दिला. फेरी आत आत येत गेली. शेवटचा चौकोन रुमालाएवढा, मग हाताच्या पंजाएवढा, मग काडेपेटीएवढा झाला. सातच्या सुमाराला मध्यावर गाठ बसली.

सासूबाई सगळा वेळ पलंगावर होत्या. गाठ पडली तशी त्यांनी लहान कात्री पुढे केली, पात्यांकडून धरून, मूठ थोरलीकडे. “गाऊन काप. गोधडीला हात लावू नकोस.”

थोरलीने गाऊन कापला. गुडघ्याजवळ तिथे ताटाएवढी खिडकी पडली आणि तेवढा तुकडा गोधडीतच राहिला. उठून उभी राहिली तेव्हा आधी मोरीकडे धावली, आणि मग सगळ्यांनी गोधडी चारी कोपऱ्यांना धरून उघडली.

शनिवारी दहाला शिंपिणीने ती टेबलावर पसरली. तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या, म्हणजे मामला गंभीर होता. कडा तपासल्या, उलटी करून गाठी बघितल्या. मध्यावर येऊन बोट थांबलं.

“हे ठिगळ वेगळं बसलंय. याला खाली ओढ आहे. कसलं आहे?”

“मी बसले होते तिथे,” थोरली म्हणाली.

शिंपीण हे ऐकून ठसका लागेपर्यंत हसली, मग म्हणाली, “सोमवारी ये. दहाला म्हणजे दहाला.”

सोमवारी थोरली आली. डबे भरून, दूध मोजून, सासूबाईंच्या उशाशी तांब्या ठेवून आली, कारण एका दुपारीने घर बदलतं असं ज्याला वाटतं त्याने घर पाहिलेलं नसतं. बरोबर पिशवीत तळाची गोधडी आणली होती, भोकाची. सासूबाईंनी दिली होती. दिली म्हणजे, “डांबराचा वास येतो, उचल ती इथून” असं म्हणाल्या होत्या.

टेबलावर उन्हाचा चौकोन होता. तिने भोक उन्हात येईल अशी गोधडी मांडली, खाली निळं ठिपक्यांचं कापड सरकवलं आणि पहिली ओळ धरली. दहा टाके झाले असतील.

“थोरले,” यंत्रामागून शिंपीण म्हणाली, “जरा ये गं, एवढं टोक धर.”

ती उभी होती. कधी उठली तिला कळलंच नाही. सुई ओळीच्या मध्यावर खोचलेली होती आणि खुर्ची मागे सरकलेली. पाय तिच्याआधी उठले होते. तीस वर्षं शिकवलेले पाय.

थोरली उभ्या उभ्या त्या सुईकडे बघत राहिली. मग खाली बसली. अंगावरच्या चांगल्या साडीचा पदर हाताने चाचपला, टेबलाच्या कडेवरून वर घेतला, गोधडीच्या थराखाली नीट सरकवला आणि दोन टाके घातले. बारीक आणि पक्के.

“मला येता येत नाही,” ती म्हणाली, आणि कोपऱ्याच्या दिशेने शिवायला लागली.